राजारामपुरीतला टॅटूवाला : नाही म्हणतो म्हणून चार स्टार

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या टॅटूच्या दुकानाला मी पाचपैकी चार स्टार देतोय. त्यातले निदान तीन, त्यानं ज्या कामांना नकार दिला त्यांचे आहेत. मी धंद्यानं टर्नर. शिवाजी उद्यमनगरात वडिलांपासूनचं लेथचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक मागेल ते मुकाट करून देणारा कारागीर कोणता आणि जॉब हातात घेऊन "हे असं टिकणार नाही" म्हणणारा कोणता, हे आमच्या गल्लीत पोराटोरांनाही कळतं.

मला हवी होती सासनकाठी, म्हणजे जोतिबाच्या यात्रेतली उंच मानाची काठी. डोंगरावर चैत्र पौर्णिमेला गुलालात नाचते तशी, उजव्या हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत उभी, आणि खाली 'चांगभलं'. डिझाईन घेऊन गेलो तर त्यानं आधी कॅलेंडर बघितलं. म्हणाला, "दादा, यात्रा तोंडावर आलीया. तुम्ही काठीला हात लावणार, ऊन, घाम, गुलाल. ताज्या जखमेत गुलाल गेला की माझं काम बी गेलं आणि तुमचा हात बी. यात्रा करून या, मग बसू." ॲडव्हान्स खिशातून काढला होता तोही घेतला नाही. यात्रेआधीचे दोन आठवडे जोतिबाचं काम घ्यायचंच नाही असा त्याचा नियम आहे. वर्षातली सगळ्यात जास्त मागणी नेमकी तेव्हाच असते, त्यामुळं हा नियम त्याला किती रुपयांना पडतो याचा हिशोब मी मनातल्या मनात करून टाकला.

यात्रेनंतर गेलो तेव्हा अक्षरांवरून जुंपली. मला 'चांगभलं' लहान हवं होतं, शर्टाच्या कफाखाली झाकलं जाईल असं. त्यानं समजावलं की सुई कातडीत एक-दोन मिलिमीटर खोल जाते. वरचा थर झडत राहतो, शाई बसते त्याच्या खालच्या थरात. तिथं शरीरातल्या पेशी शाईचे कण परका माल समजून गिळून बसतात, ती पेशी मेली की दुसरी येऊन तेच कण गिळते. म्हणून टॅटू टिकतो, पण वर्षं जातील तशी रेघ जाड होत जाते. आपल्या अक्षरांत 'भ'ची गाठ, 'ग'चं पोट, वरचा अनुस्वार, अशा बारीक मोकळ्या जागा फार. लहान काढलं तर दहा वर्षांनी त्या बुजणार आणि 'चांगभलं'चा काळा पट्टा होणार. मी खिशातला व्हर्नियर काढून स्टेन्सिल मोजली, सहा मिलिमीटर उंची. तो बारावर अडला, मी दहा म्हणालो, शेवटी बारा झाली. हात वीत-सव्वा वीत लांब ठेवून बघतो तेव्हा वाटतं, बाराच बरोबर. कोरण्याआधी मजकूर माझ्याच अक्षरात कागदावर लिहून घेतला आणि खाली सही घेतली. मंत्र, श्लोक, नाव, काहीही असो, हे सगळ्यांना करायला लावतो. इंटरनेटवरून उचललेल्या देवनागरीत रफार कुठं आणि वेलांटी कुठं जाते हे ज्यानं बघितलं असेल, त्याला सहीची गरज कळेल.

मी बसलो होतो तेवढ्यात दोन पोरं आली. एकाला पोटरीवर महादेव पाहिजे होता. "कमरेखाली देव काढत नाही, दंडावर काढतो." पोरगं म्हणालं, पैसे जादा देतो. "पैशाचं नाही भावा, उद्या तूच पाय कुणाला लागला तर कुठं तोंड लपवशील?" दुसरा भरतीची तयारी करणारा, त्याला दंडावर वाघ हवा होता. त्याला सरळ सांगितलं, सैन्यात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी टॅटू चालतो. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणं सवलत आहे, बाकीच्यांना नाही. मेडिकलला बाहेर काढतील. पोरगं गप्प. आमच्या जिल्ह्यात घरटी एक पोरगं पहाटे रस्त्यावर पळत असतं, तिथं हे सांगणारा दुकानदार पाहिजेच.

आता आईचं. माझा हात बघून आई म्हणाली, मला बी ने. तिचं वय अडुसष्ट. कपाळावर टिंब आणि डाव्या हातावर तुळशीचं वृंदावन, लहानपणी गावच्या जत्रेत गोंदवलेलं. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया, काजळी, आणि पोरीनं रडू नये म्हणून गाणी म्हणत टोचणारी बाई. आता ते वृंदावन हिरवट निळं होऊन पसरलंय, पानं कुठली आणि कठडा कुठला कळत नाही. ते पुन्हा गडद करून पाहिजे ही तिची मागणी.

त्यानं भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मावशी, यावर मी सुई फिरवणार नाही. हे त्या बाईच्या हातचं आहे, ते तसंच राहू दे. शेजारी दुसरी तुळस काढतो." आईला ते इतकं पटलं की मी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यानं साखर विचारली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं, गेल्या महिन्यातला शुगरचा रिपोर्ट मोबाईलवर मागून बघितला. साखर जास्त असती तर तारीख पुढं ढकलली असती, जखम भरायला वेळ लागतो म्हणून. बधीर करायची क्रीम काढली, तर आईनं हात मागं घेतला. "ते नको. दुखल्याबिगर गोंदण लागत न्हाई." तो काही बोलला नाही, ट्यूबचं झाकण लावून ड्रॉवरमध्ये टाकली. दुसऱ्या दुकानात यावर मला पाच मिनिटं भाषण ऐकावं लागलं असतं. आईचा हिशोब सरळ आहे : सोनं-नाणं मेल्यावर काढून घेतात, अंगावरचं गोंदण तेवढं बरोबर येतं, मग ते फुकटात कसं मिळेल?

खरी गंमत हळदीवर झाली. गोंदणावर हळद लावायची ही तिची पद्धत, आणि उघड्या कातडीवर स्वयंपाकघरातली हळद लावायची नाही हा त्याचा नियम. दोघंही हट्टी. शेवटी तोडगा निघाला : हळद-कुंकू मशीनला. त्यातही पेनला नाही, कारण ते निर्जंतुक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. पॉवर सप्लायच्या डब्याला लावायची परवानगी मिळाली. खंडेनवमीला मी लेथला लावतो तसं आईनं त्या डब्याला दोन बोटं लावली, त्यानं हात धुवून नवे ग्लोव्हज घातले आणि काम सुरू केलं. म्हाताऱ्या कातडीला त्यानं मशीनचा वेग कमी केला, हात हलका ठेवला. आई पूर्ण वेळ ओठांतल्या ओठांत ओव्या पुटपुटत होती.

मशीनचं बोलायचं तर माझा जीव तिथं जास्त रमला. रोटरी मोटर, पुढं एक्सेंट्रिक, म्हणजे मोटरचं फिरणं सुईच्या वर-खाली हलण्यात बदलणारा भाग, आणि साडेतीन मिलिमीटरचा स्ट्रोक. पहिल्या इलेक्ट्रिक टॅटू मशीनचं पेटंट 1891 साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल ओ'रायलीनं घेतलं, आणि त्याचं मूळ एडिसनच्या 1876 च्या इलेक्ट्रिक पेनमध्ये आहे, जे कागदाला भोकं पाडून नकला काढण्यासाठी होतं. शाई म्हणाल तर काळ्या शाईतला रंग कार्बनचाच, म्हणजे आईच्या जत्रेतल्या काजळीचाच भाऊ. सुईचं कार्ट्रिज आपल्यासमोर फोडतो, काम झालं की धारदार वस्तूंच्या डब्यात. पियर्सिंगचं, म्हणजे कान-नाक टोचायचं सामान ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, 121 डिग्री, 15 पौंड दाब. पाकिटावरची पट्टी रंग बदललेली दाखवूनच उघडतो.

पियर्सिंग मी करून घेतलं नाही, पण भाच्यानं भिकबाळीसाठी कान टोचून घेतला, पोकळ सुईनं. याआधी दुसरीकडं एका दुकानात त्याच्या दुसऱ्या कानाच्या वरच्या कुर्चेत पिस्तुलानं बाळी ठोकली होती, ती दोन महिने पिकली. पाळीचं ठीक आहे, कुर्चेला पिस्तूल लावू देऊ नका. लहान बाळाचे कान टोचायला हा घेतच नाही, गुजरीतल्या सोनाराकडं पाठवतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही ती यानं आधीच सांगितली : टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. मी नेमानं रक्त देणारा, त्यामुळं आधी रक्त देऊन आलो आणि मग खुर्चीत बसलो.

आता एक स्टार का कापला. दुकानात एक बोर्ड आहे, 'चक्र टॅटू, एनर्जी ॲक्टिव्हेशनसह', त्याचे जादा दोन हजार. म्हणजे तीच सुई, तीच शाई, फक्त पाठीमागं ओमचं रेकॉर्डिंग आणि अगरबत्ती. इतका सरळ माणूस हे का करतो विचारलं तर म्हणाला, पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मागतं. आईनं तिचं जे काय होतं ते घरून आणलं होतं, त्याचं बिल झालं नाही. तो बोर्ड काढला की पाचवा स्टार देतो, हे त्याला तोंडावर सांगून आलोय. शिवाय जिना अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला, म्हातारं माणूस घेऊन जाणार असाल तर दोघंजण जा. एसी एवढा गार की आईला शाल पांघरावी लागली.

दर : किमान पंधराशे, मोठ्या कामाला चौरस इंचाला पाचशे. माझ्या हाताचे सात हजार झाले, आईच्या तुळशीचे किमान दरातच घेतले. दोन महिन्यांच्या आत टचअप फुकट, पण खपली स्वतः उचकटली असेल तर नाही, आणि ते त्याला बरोबर ओळखता येतं. जखम भरेपर्यंत रंकाळा, पंचगंगा, स्विमिंग टँक बंद. जाताना शनिवार टाळा, भरतीची पोरं आणि त्यांचे मित्र मिळून जिन्यापर्यंत रांग असते. मंगळवारी दुपारी गेलात तर निवांत बसून भांडायला वेळ देतो.