तासाला 165 लिटरचा विजेवरचा क्रीम सेपरेटर: पलूस-कडेगाव भागातल्या गोठ्याला परवडतो का?

डेअरीला घालून उरलेल्या म्हशीच्या दुधाचं तूप करायचं असेल, तर दुधातली मलई वेगळी काढणारा हा सेपरेटर घ्यावा. रोजचं काम वीस लिटरच्या आतलं असेल तर नको. दूध यंत्रातून काढायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ यंत्राच्या आतल्या चकत्या धुण्यात जातो.

यंत्र चोख आहे. ताजं दूध 40 अंशाला, बाऊल (चकत्या असलेलं फिरणारं भांडं) पूर्ण वेगात आणि टाकीची तोटी ठरलेल्या धारेवर, एवढं सांभाळलं की स्किम म्हणजे मलई काढलेल्या दुधात फॅट 0.1 टक्क्याच्या आसपास राहतं. ‘स्किमला फॅट लागतंय’ ही तक्रार मात्र सगळीकडे ऐकू येते. आमच्या मते त्यात यंत्राचा दोष कमी, हाताळणीचा जास्त.

दुधातला फॅटचा प्रत्येक कण फॉस्फोलिपिड (एक प्रकारचे स्निग्ध पदार्थ) आणि प्रथिनांच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला असतो. बादली उंचावरून रिकामी केली किंवा पंपानं हवा ओढली की फेस येतो आणि तिथंच बिघडतं. कण बुडबुड्याला टेकला की पापुद्रा फाटतो, हवेलगतच्या पृष्ठभागावर पसरतो आणि आतलं पातळ फॅट बाहेर येतं. घुसळणीत त्याचे बारीक थेंब होतात आणि त्यांच्यावर लगेच दुधातलं केसीन हे प्रथिन चिकटतं. असा थेंब लहान, वर केसीनमुळे जड. व्यास निम्मा झाला की वेगळं होण्याचा वेग चौथाईवर येतो, म्हणजे मलईच्या बाजूला पोचायच्या आत तो स्किमच्या तोटीतून बाहेर. म्हशीच्या दुधातले कण मुळात गायीपेक्षा मोठे असतात, सेपरेटरला ते सोपं जातं. हा फायदा फेसात घालवू नका. धार टाकीच्या कडेनं सोडा, फेस बसू द्या, मग तोटी उघडा.

तोटा किती? 7 टक्के फॅटच्या शंभर लिटर दुधातून साधारण 90 किलो स्किम निघतं. त्यात 0.5 टक्के फॅट राहिलं तर साडेचारशे ग्रॅम फॅट गेलं, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो तूप. नेहमीच्या दुधाच्या ब्युटिरोमीटरवर (फॅट मोजायच्या नळीवर) हा फरक नीट वाचता येत नाही, स्किमचा वेगळा मिळतो तो घ्या.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं की बाऊलचा वेग पडतो आणि स्किमला फॅट लागतं. आवाज बसल्यासारखा वाटला तर तोटी लगेच बारीक करा. सुरुवातीला बाऊलमधून कोमट पाणी सोडायचं. शेवटी लिटर-दोन लिटर स्किम परत घालायचं, नाहीतर आतली मलई आतच राहते.

मलईचा स्क्रू मध्याकडे फिरवला की मलई घट्ट होते. एका वेळी पाव फेराच द्या. फार घट्ट केली तर मलई तोटीत अडकते आणि फॅट उलट स्किममध्ये जातं.

धुताना आधी कोमट पाणी. एकदम उकळतं ओतलं तर प्रथिनं चकत्यांवर गोठून बसतात आणि मग ब्रश चालवूनही निघत नाहीत. आंबटसर दुधानंही हाच थर धरतो. चकत्या आधी होत्या त्याच क्रमानं परत लावा.

बाऊलखालून दूध गळलं की मेकॅनिकला बोलावण्याआधी रबर रिंग बघा: पिळलेली, फुगलेली किंवा खाचेबाहेर आलेली असते. नट खुणेला खूण जुळेपर्यंत आवळा. आणि यंत्र घेतानाच दोन जादा रिंगा मागून घ्या.