कॉपिअरला ट्रे कुठला घ्यावा? ॲडजस्टेबल कॅसेट, मोठा फिक्स ट्रे की नुसता बायपास

आमचं दुकान तहसील कचेरीसमोर, कोकणात, म्हणजे वर्षातले चार महिने कागदही ओलसर आणि आम्हीही. मध्ये ओळखीतल्या एका वकीलसाहेबांनी विचारलं, ऑफिसला मशीन घेतोय, कोटेशनमध्ये एकच कॅसेट धरलीय, दुसरी ऑप्शनल म्हणून खाली वेगळी लिहिलीय, आणि सेल्सवाला म्हणतो एक पुरे झाली, ॲडजस्टेबल आहे ना, पाहिजे तो साइज लावा. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण या पट्ट्या सरकवण्यात माझी बारा वर्षं गेलीत म्हणून सांगतो, ॲडजस्टेबल ट्रे जरूर घ्या, फक्त तो रोज ॲडजस्ट करायला घेऊ नका. एकदा लावायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. ज्याला दिवसातून पाच वेळा साइज बदलायचाय त्याने ॲडजस्टेबल कॅसेट एक नाही, दोन घ्याव्यात.

आधी कुठला ट्रे म्हणजे काय ते बघू, कारण कोटेशनमध्ये सगळ्यालाच ट्रे लिहितात. एक असते युनिव्हर्सल कॅसेट, म्हणजे आपण ज्याला ॲडजस्टेबल म्हणतो ती, मशीनच्या पोटातली, बाजूच्या आणि मागच्या पट्ट्या सरकतात, लहान मशीनला साधारण 250 कागद मावतात आणि मोठ्याला 500-550. दुसरा मोठा फिक्स ट्रे, डेक म्हणतात त्याला, हजार दीड हजार कागद एकदम खातो पण साइज मोजकेच, बहुतेक ए-फोर. तिसरा बायपास, बाजूला उघडणारी झडप, त्यावर 50 ते 100 कागद राहतात आणि त्याच्याही पट्ट्या सरकतात, म्हणजे खरं तर तोही ॲडजस्टेबलच, पण ते कोणी सांगत नाही.

कॅसेटमधल्या त्या पट्ट्या खाली बघितल्यात कधी? ट्रे रिकामा करून उलटा धरा. दोन दातेरी पट्ट्या असतात आणि मधे एक छोटं चाक, त्यामुळे एक बाजू दाबली की दुसरी बाजू आपोआप तेवढीच आत येते आणि कागद बरोबर मधोमध राहतो. हे दात प्लास्टिकचे. लॉकचा खटका न दाबता जोर लावून सरकवलं की दात झिजतात, मग एक पट्टी कागदाला चिकटलेली आणि दुसरी दोन मिलिमीटर लांब, आणि सगळ्या झेरॉक्स तिरक्या. गिऱ्हाईक म्हणतं मशीन खराब आहे, मेकॅनिक म्हणतो रोलर बदला, आणि दोष असतो त्या चार आण्याच्या चाकात. आमच्याकडे दुकानात मदतीला असलेल्या पोराने एका सीझनमध्ये एक ट्रे असा संपवला, त्याला काय बोलणार, दिवसातून तीस वेळा ए-फोर-लीगल-ए-फोर करत होता बिचारा. पट्टी फार घट्ट लावली तर कागद उचललाच जात नाही किंवा कोपऱ्यात सुरकुततो, फार सैल ठेवली तर तिरका जातो. कागदाला नुसती टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे.

आता खरी गोम, आणि ही कुठल्याच सेल्सवाल्याने मला आजवर सांगितलेली नाही. पट्टी सरकवली म्हणजे मशीनला साइज कळला असं नाही. काही मशीनमध्ये मागची पट्टी हलवली की ट्रेच्या कडेचं लिव्हर हलतं आणि ते मशीनच्या आतले दोन-तीन स्विच दाबतं, कुठले दाबले गेले त्यावरून मशीन साइज ओळखतं. काहींना ट्रेच्या तोंडाशी गोल डायल असतो, तो आपण हाताने फिरवायचा. आणि काहींना मेनूत जाऊन सांगावं लागतं. तिन्हीत मला डायलवाला सगळ्यात आवडतो असं म्हटलं तर लोक हसतात, जुनाट आहे म्हणून, पण डायल डोळ्याला दिसतो, ट्रे ओढताना कळतं की लीगलवर आहे का ए-फोरवर. मेनूवालं असेल तर पट्टी एकाने बदललेली, मेनू कोणीच नाही, आणि दुपारी गर्दीच्या वेळेला मशीन जॅम जॅम ओरडत बसतं. तेही बरोबरच आहे त्याचं, कारण कागदाची मागची कड किती वेळात सेन्सरच्या पुढे गेली पाहिजे ते मशीन साइजवरून धरून चाललेलं असतं, कड लवकर आली किंवा आलीच नाही की ते थांबतं. कागद अडकलेला नसतोच कित्येकदा.

लीगलमध्ये तर हे अजून वाईट आहे. लीगल लीगल आपण म्हणतो पण एक लीगल असतो 216 बाय 356 मिलिमीटर, तो अमेरिकन, साडेआठ बाय चौदा इंच. दुसरा आपल्याकडे सर्रास मिळतो तो 215 बाय 345, मशीनच्या मेनूत त्याला इंडियन लीगल म्हणतात. तिसरा एफएस, म्हणजे फुलस्केप, साडेआठ बाय तेरा इंच, म्हणजे लांबी 330. दुकानदाराला विचारा, तिन्हीला तो लीगलच म्हणेल. 356 आणि 345 मधे फक्त 11 मिलिमीटरचा फरक, ऑटो ओळखणाऱ्या ट्रेला तो फरक बऱ्याचदा कळत नाही, आणि मग साइज मिसमॅच येतो किंवा खालची ओळ कापली जाते. ज्या मशीनच्या लिस्टमध्ये इंडियन लीगल किंवा कस्टम साइज कॅसेटसाठी नाही, फक्त बायपाससाठी आहे, ते मशीन वकील, नोटरी, बॉण्ड रायटर यांनी घेऊच नये. हे ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, मी भिंग घेऊन वाचायला सांगतो सगळ्यांना.

गंमत म्हणजे हा साइजचा घोळ मशीनच्या जन्मापासूनचा आहे. 1959 मध्ये झेरॉक्स कंपनीने साध्या कागदावर चालणारं पहिलं ऑफिस कॉपिअर काढलं, त्याचं नाव 914, आणि ते नाव आलं कशावरून तर नऊ बाय चौदा इंचापर्यंतचा कागद चालतो म्हणून. म्हणजे नावातच ट्रेचा साइज. आपण मात्र 914 विसरलो आणि कंपनीचं नाव झेरॉक्स तेवढं प्रत्येक दुकानाच्या पाटीवर लिहिलं.

मोठा फिक्स डेक कोणाला? ज्याच्याकडे दिवसाला हजारांनी ए-फोर निघतं त्याला, कॉलेजजवळचं नोट्सचं दुकान वगैरे. सेकंडहँड बाजारात कॅननचं आयआर 6570 बघितलं असेल तुम्ही, त्यात खास हीच मांडणी आहे, वर दोन डेक 1500-1500 चे आणि खाली दोन ॲडजस्टेबल कॅसेट 550-550 च्या, प्लस 50 चा बायपास, सगळे मिळून 4150 कागद. दुकानाचं गणित ज्याने केलं त्याने बरोबर केलंय, ए-फोरला पट्टीच नको, लीगल आणि ए-थ्री खालच्या कॅसेटमध्ये, आणि किरकोळ बायपासला. पण ऑफिसला हे नको. 75 जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) 3000 ए-फोर म्हणजे 14 किलो कागद, पावसात तो डेकमध्ये पडून राहिला आणि तुमचं दिवसाचं काम दोनशे पानांचं असलं तर पंधरा दिवस तोच कागद दमट हवा पितोय. नंतर दोन दोन पानं एकत्र उचलली जातात, कडा वळतात. आम्ही जूनपासून कॅसेटमध्ये अर्ध्या रीमच्या वर भरतच नाही, बाकीची रीम रॅपरमध्येच, वर पिशवी. काही मशीनना कॅसेट हीटर मिळतो, ट्रेच्या खाली बसतो आणि कागद कोरडा ठेवतो, कोकण गोव्यात घेणाऱ्याने दुसऱ्या कॅसेटबरोबर त्याचीही चौकशी करावी, घाटावरच्या लोकांनी नाही केली तरी चालेल.

बायपासबद्दल लोकांना राग असतो, सारखं उघडा, कागद ठेवा, पट्ट्या लावा, स्क्रीनवर साइज सांगा. मान्य आहे. पण स्टॅम्प पेपर कॅसेटमध्ये घालू नका, कधीच नाही. बायपासमधून कागद जवळजवळ सरळ आत जातो, कॅसेटमधून येताना त्याला वळण घ्यावं लागतं, आणि जाड किंवा घडी पडलेला कागद त्या वळणावरच दगा देतो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे 100 च्या स्टॅम्पवर होणाऱ्या बऱ्याच कामांना किमान 500 चा झाला, म्हणजे एक जॅम पाचशेला पडतो, आणि वर पक्षकाराचा चेहरा. कोर्टाच्या कामाचा हिरवा लेजर पेपरही जाडसर असतो, पाच-दहा पानं असतील तर बायपास, रोज गठ्ठे असतील तर त्याला स्वतःची कॅसेट द्या आणि मेनूत कागदाचा प्रकार जाड करा, तो प्लेनवर राहिला तर टोनर नीट भाजला जात नाही आणि अक्षर नखाने निघतं.

अजून एक, हे फक्त ए-थ्री मशीनवाल्यांसाठी. युनिव्हर्सल कॅसेटमध्ये ए-फोर दोन्ही प्रकारे बसतो, लांब कड आधी किंवा आखूड कड आधी. लांब कड आधी गेली तर कागदाला 210 मिलिमीटरच जावं लागतं, म्हणून कॉपीचा स्पीड जास्त, कंपन्या पानं-पर-मिनिट सांगतात ते बहुतेक याचंच. मग आखूड कड आधी कशाला लावायची? दोन कॅसेट असतील आणि एकात उभा दुसऱ्यात आडवा ए-फोर ठेवला तर बरीच मशीन सेट आलटून पालटून आडवे उभे टाकतात, फिनिशर, म्हणजे सेट वेगळे करणारा जोड, न घेता वीस सेट वेगळे वेगळे मिळतात. परीक्षेच्या दिवसात आमचा जीव याने वाचवलाय. आणि दोन्हीत एकच साइज एकाच दिशेने असेल तर एक संपला की मशीन आपणहून दुसऱ्यावर जातं. एका कॅसेटवाल्याला यातलं काहीच नाही.

टेबलावरच्या लहान ए-फोर लेझर मशीनचं वेगळंच, त्यात लीगल लावायचा तर कॅसेट मागून ओढून लांब करावी लागते आणि तो भाग मशीनच्या बाहेर निघतो, भिंतीला टेकलेलं मशीन पुढे घ्यावं लागतं, आणि त्या उघड्या भागात धूळ, आमच्याकडे तर पाल. महिन्यात दहा-वीस लीगल असतील तर अशा मशीनला कॅसेट ए-फोरवर ठेवून लीगल बायपासमधून काढा, सुखी राहाल.

तर वकीलसाहेबांना काय सांगितलं. सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिल 2020 पासून त्यांच्याकडच्या कागदपत्रांना ए-फोर, दोन्ही बाजूंनी, 75 जीएसएमच्या खाली नाही असं केलंय, पण वकीलसाहेबांकडचे पक्षकार आणि दस्त अजून लीगलवरच चाललेत, म्हणजे दोन्ही साइज रोजचे. म्हणून दोन कॅसेट, वरची ए-फोर कायमची, खालची इंडियन लीगल कायमची, दोन्हीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून टाकायचं आणि स्टॅम्प बायपासला. जिथे फक्त ए-फोर चालतं, सीए ऑफिस किंवा शाळा, तिथे एक कॅसेट भरपूर, दुसरीचे पैसे टोनरला ठेवा. झेरॉक्स दुकान टाकत असाल तर डेक आणि दोन कॅसेटवालं जुनं मशीन नव्या एक-कॅसेटवाल्यापेक्षा मी आधी बघेन, एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, करणारा माणूस गावात असेल तर. माणूस तालुक्याबाहेरून येणार असेल तर नाही.

बघायला जाताना आपली स्वतःची लीगलची रीम बरोबर न्या, दुकानातल्या कागदावर सगळीच मशीन छान चालतात. ट्रे पूर्ण बाहेर काढा, पट्टीवरच्या मॅक्सच्या रेषेपर्यंत कागद भरा, एक पट्टी दाबून दुसरी तितकीच आत येते का बघा, खटका सोडल्यावर बोटाने हलवून बघा, हलली तर ती पुढे हलणारच. मग सलग पन्नास पानं काढा आणि गठ्ठा टेबलावर आपटून कडेने बघा, छपाईची समास-रेषा एका ओळीत दिसली पाहिजे. दिसली नाही तर डीलर म्हणेल सर्व्हिस केली की जाईल. त्याला म्हणा, करून ठेवा, मी शनिवारी येतो, रीम माझीच आणतो.