ट्यूनिसच्या मध्यवस्तीतलं स्वस्त हॉटेल : ८५ रात्रींनंतर

स्वस्त हॉटेलांबद्दल लिहिणारे बहुतेक लोक तिथे एक-दोन रात्री राहिलेले असतात. "जागा मोक्याची, खोली ठीक, नाश्ता साधा." असंच वाचून मी ट्यूनिशियाच्या राजधानीतलं, ट्यूनिसमधलं, हे हॉटेल घेतलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण जानेवारी ते मार्चअखेर २०२५ अशा ८५ रात्री तिथे काढल्यावर सांगते, की माझे तीन महिने ज्या गोष्टींवर ठरले त्यांतली एकही कुणी लिहिलेली नव्हती. खिडकी कुठल्या दिशेला उघडते? गरम पाणी किती वाजेपर्यंत टिकतं? आणि हिवाळ्यात खोलीत ऊब कशाची?

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. अरबी शिकायची बरीच वर्षं मनात होती. ट्यूनिसमध्ये दुकानात, बँकेत, दवाखान्यात फ्रेंच चालतं, त्यामुळे अरबी येईपर्यंत अडणार नाही हा हिशेब होता. महिन्याच्या बोलीवर रात्रीला ३८ दिनार ठरले, नाश्त्यासकट. तेव्हा एक दिनार साधारण २७ रुपयांना पडत होता, म्हणजे साधारण हजार रुपये. हॉटेलचं नाव मी देत नाही. त्या भागात एकाच घडणीची अशी बरीच हॉटेलं आहेत आणि माझं म्हणणं त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

जागा खरोखर उत्तम. हबीब बुरगिबा हमरस्त्याच्या दक्षिणेला, बार्सेलोन चौक आणि मध्यवर्ती बाजार यांच्या मधल्या एका गल्लीत. रेल्वे स्टेशन आणि ट्राम बार्सेलोन चौकातच. ट्रामला तिथे मेट्रो म्हणतात, ती १९८५ पासून धावते. हमरस्त्याने पश्चिमेला चालत गेलं की दहा मिनिटांत बाब अल-बहर, म्हणजे मदिनेचं, जुन्या शहराचं, दार. पूर्वेला तेवढंच चाललं की टीजीएमचं, म्हणजे उपनगरी रेल्वेचं स्टेशन. ही गाडी १८७२ सालची. तळ्यातल्या बांधावरून ती गुलेतला जाते आणि पुढे कार्थेज, सिदी बू सईद. रविवारी सकाळी डोकं जड झालं की मी नुसती या गाडीत जाऊन बसायचे. दोन्ही बाजूंना पाणी, आणि हिवाळ्यात त्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभे असतात. तीन महिन्यांत टॅक्सीवर माझा फारसा खर्च झाला नाही, आणि स्वस्त खोलीची खरी बचत मला तिथे दिसली. पिवळ्या टॅक्स्या मीटरने जातात, रात्री ९ नंतर दीडपट.

आता खोलीबद्दल. इमारत फ्रेंच अमदानीतली, म्हणजे १८८१ ते १९५६ या काळातली. उंच छत, लाकडी झडपांच्या खिडक्या, आणि पायाखाली नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या. आपल्याकडे जुन्या वाड्यांत आणि चाळींत असतात अगदी तशाच. पहिल्या दिवशी त्या फरश्या बघून मी हरखून गेले. तिसऱ्या रात्री त्याच फरश्यांवर दोन मोजे घालूनही पाय ठेववत नव्हता.

आफ्रिका म्हटल्यावर आपल्या मनात ऊन येतं. ट्यूनिस भूमध्य समुद्राकाठी आहे आणि तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. जानेवारीत दिवसा १५-१६ अंश आणि रात्री सात-आठ. आकडा ऐकून पुणेकराला काही वाटणार नाही, मलाही वाटलं नव्हतं. पण ही घरं बांधलीत उन्हाळ्यासाठी : जाड भिंती, उंच छत, दगडी जिना, सगळं थंडावा धरून ठेवणारं. हिवाळ्यात तो थंडावा आतच राहतो. बाहेर ऊन पडलेलं असायचं आणि मी खोलीत शिरताना अंगात आणखी एक स्वेटर चढवायचे. त्यात ओल. नवं शहर वसलं ते मदिना आणि तळं यांच्या मधल्या सखल, पाणथळ जमिनीवर, आणि खालच्या मजल्यांवर ते जाणवतं. माझी पहिली खोली पहिल्या मजल्यावर होती, खिडकी गल्लीकडे, उत्तरेला. धुतलेला कुर्ता तीन दिवस वाळला नाही. आठवड्याभराने कपाट जरा पुढे ओढलं तर मागच्या भिंतीवर काळपट बुरशीचा हातभर डाग, आणि पुस्तकांच्या पिशवीला कुबट वास.

माझी तक्रार इथे आहे. बोली करताना "खोलीत हीटिंग आहे" असं सांगितलं होतं. खोलीत रेडिएटर होता, पण तो चालू होत नव्हता आणि होणारही नव्हता. विचारल्यावर एक विजेचा छोटा हीटर मिळाला, रोज ४ दिनार वेगळे. मी भांडले. फ्रेंचमध्ये नीट भांडता येतं याचा त्या दिवशी उपयोग झाला, पैसे माफ झाले. तरी हीटर आणि पाण्याची किटली एकदम लावली की अख्ख्या मजल्याची वीज जायची, म्हणून आधी चहा करायचा आणि मग खोली तापवायची असा क्रम बसला. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिथे बसतात, लॅपटॉपची मोठी तीन पिनांची पिन बसत नाही. अडॅप्टर घरूनच न्या.

बाराव्या दिवशी खोली बदलून मागितली. चौथा मजला, दक्षिणेकडची खिडकी. लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच, पुढे जिना, म्हणून ती खोली कुणी घेत नसे. दर तोच. सकाळी साडेनऊला ऊन पलंगाच्या पायथ्याशी यायचं आणि दुपारी दोनपर्यंत भिंतीपर्यंत चढायचं. झडपा उघड्या टाकून वर्गाला गेलं की परत येईस्तोवर खोली कोमट झालेली असायची. हीटर मग रात्री तासभर पुरायचा. एकाच हॉटेलात, एकाच पैशात मी दोन वेगळे हिवाळे काढले असंच म्हणेन. हिवाळ्यात जाणार असाल तर खोली न बघता महिन्याचे पैसे भरू नका. दक्षिणेची खिडकी मागा, कपाटामागे हात फिरवून बघा, आणि हीटर चालू करून दाखवा म्हणा.

पाण्याचं थोडक्यात. खोलीत बेसिन आणि शॉवर, संडास जिन्याजवळ, दोन खोल्यांत एक. बुकिंग करताना हे बारीक अक्षरात असतं, विचारून घ्या. संडासात पाण्याचा पाइप असतो, त्यामुळे आपली गैरसोय होत नाही. गरम पाणी सकाळी साडेसातच्या आत भरपूर, आठनंतर कोमट, नऊला गार. संध्याकाळी मात्र कुणी नसतं तेव्हा वाटेल तेवढं. मी रात्री अंघोळ करायला लागले आणि प्रश्न संपला.

स्वच्छता उत्तम होती आणि त्याचं श्रेय एका बाईंना. पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, सकाळी सातपासून चारही मजले त्या एकट्या बघायच्या. सगळे त्यांना "खालती" म्हणायचे. खालती म्हणजे माझी मावशी. आपण घरकामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो, तिथेही तेच, आणि नेमकं आईच्या बहिणीचंच नातं! हे मी त्यांना मोडक्या अरबीत सांगितलं तेव्हा त्या बादली खाली ठेवून हसल्या, आणि त्या दिवसापासून मला "बिन्ती" म्हणजे माझी मुलगी म्हणू लागल्या. पुस्तकी अरबी मी वर्गात शिकले. ट्यूनिसची बोली, ज्याला ते देर्जा म्हणतात, ती मावशींनी शिकवली. "लाबास?" म्हणजे बरं आहे ना. "बर्शा" म्हणजे खूप. "यज्जी" म्हणजे पुरे. "ऐशक" म्हणजे आभार, शब्दशः तू जगावंस असा काहीसा भाव. ओली फरशी पुसताना त्या फडकं पिळून, पसरून, काठीने स्वतःकडे ओढत मागे मागे जात, आणि दाराशी आल्या की शेवटचा ओला पट्टा उंबऱ्यावर संपे. त्यावर कुणी बूट ठेवला की "यज्जी!" असा आवाज जिन्यात घुमायचा. बोलीतला हा शब्द मी आयुष्यात विसरणार नाही.

नाश्ता रोज तोच : बागेत नावाचा लांब फ्रेंच पाव, लोणी, अंजिराचा किंवा जर्दाळूचा मुरंबा, कॉफी. दुधाची कॉफी हवी तर "दिरेक्त" मागायची, थोडंसंच दूध हवं तर "कापुसां". महिन्याभराने मुरंब्याचा कंटाळा आला तेव्हा खालच्या बाजारातून हरिसा आणि ऑलिव्हचं तेल आणून मी पावाबरोबर खाऊ लागले. मिरचीचा हा ठेचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. आपल्या लाल ठेच्याइतका तिखट नसतो, पण जिरं-धण्यासारख्या मसाल्यांचा वास घरचा वाटतो.

जेवणासाठी हॉटेलवर अवलंबून राहावं लागत नाही. थंडीच्या दिवसांत माझं ठरलेलं जेवण म्हणजे लबलबी. टपरीवर आधी रिकामं वाडगं आणि शिळा पाव हातात देतात, पाव आपणच कुस्करायचा. जितका बारीक कुस्कराल तितका चांगला. मग त्यावर छोल्यांचं उकळतं पाणी, छोले, जिरेपूड, हरिसा, लिंबू, तेल, आणि वर अर्धकच्चं अंडं. सगळं नीट कालवून चमच्याने खायचं. एका वाडग्यात थंडी पळते आणि खिशाला काही लागत नाही. अंडं नको, ट्यूना नको असं आधीच सांगावं लागतं. ट्यूना तिथे कशातही घालतात, सॅलडवरसुद्धा, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी प्रत्येक वेळी विचारा. "चापाती" या नावाचा गोल पावही मिळतो, आत ऑम्लेट आणि चीज भरलेला. चपातीशी त्याचा संबंध नावापुरताच, तरी पहिल्यांदा पाटी वाचताना मी थबकले. मी मूळची रत्नागिरीची, म्हणून मध्यवर्ती बाजारातला मासळीचा भाग माझ्यासाठी वेगळंच सुख होतं. तारल्यांचे चमकते ढीग आणि माकुलं. खोलीत शिजवायची परवानगी नव्हती, पण बाजाराजवळच्या एका खानावळीत आपण नेलेले मासे थोड्या पैशांत भाजून देत.

गोंगाटाबद्दल खरं सांगायचं तर गल्ली रात्री अकरानंतर शांत. पण हमरस्त्यावर संध्याकाळी वेगळाच आवाज असतो, साळुंक्यांच्या जातकुळीतल्या पक्ष्यांचा. युरोपातून हिवाळ्यात हजारोंनी येतात, दिवसभर ऑलिव्हच्या बागांत चरतात आणि सूर्यास्ताला फिकसच्या झाडांवर उतरतात. त्यांचे थवे आकाशात वळतात तेव्हा लोक थांबून बघतात, आणि झाडांखालून जाताना मात्र डोक्यावर छत्री धरतात. मीही कोरड्या हवेत छत्री बाळगायला शिकले.

एकट्या बाईने राहायला हा भाग कसा, असं मला अनेकींनी विचारलं. मी दिवसा कुठेही निर्धास्त फिरले. रात्री नऊनंतर हमरस्ता सोडून बारच्या गल्ल्यांतून जात नसे. आतल्या गल्ल्यांतल्या काही कॅफेंत फक्त पुरुष बसतात, तिथे कुणी हटकत नाही पण नजरा नकोशा होतात. हमरस्त्यावरच्या कॅफेंत बायका, मुली, म्हाताऱ्या सगळ्या असतात. गृहखात्याची इमारत याच रस्त्यावर आहे. १४ जानेवारी २०११ ला तिच्यासमोरच लोक जमले होते आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. त्या इमारतीचा फोटो काढू नका, पोलीस लगेच येतात.

मार्चमध्ये रमजान लागला आणि हॉटेलचा दिनक्रमच पालटला. दिवसा खाणावळी बंद, एखाद-दुसरीच उघडी आणि तिच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली. नाश्ता आमच्यासारख्या दोघा-तिघांसाठी मागच्या खोलीत मिळायचा, तक्रारीला जागा नव्हती. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या आधी दहा मिनिटं ट्रामसुद्धा रिकामी. हमरस्ता इतका मोकळा मी एरवी कधीच पाहिला नाही. रात्रपाळीचे काका तेव्हा काउंटरवर वर्तमानपत्र अंथरून खजूर, शोरबा आणि ब्रीक मांडायचे. ब्रीक म्हणजे पातळ पापुद्र्यात अंडं घालून तळलेली घडी, आणि ती पिवळा बलक न सांडता खाणं हे कसब आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला जिन्यावरून हाक मारली. मी रोजा धरला नव्हता हे सांगितलं, तर म्हणाले, "भूक तर लागलीच असेल." त्यानंतर जवळजवळ रोज मी खाली असायचे, आणि माझ्याकडून संत्री. त्याची दुसरी बाजू म्हणजे रात्री दोनपर्यंत गल्लीत माणसं, खुर्च्या, गाणी. झोपेचे हाल झाले. सकाळी काम असणाऱ्यांनी रमजानात आतल्या चौकाकडची खोली घ्यावी, ऊन नसलं तरी चालेल, माझ्या वेळी तोवर थंडी सरली होती.

पैशांचं एक लक्षात ठेवा. हॉटेल रोखीनेच घेत होतं, आणि दिनार देशाबाहेर नेता येत नाहीत. शेवटच्या आठवड्यात जपून बदला, आणि बदललेल्याच्या पावत्या जपा, उरलेले परत बदलताना त्या मागतात. मी ईदच्या तोंडावर निघाले. हिशेबात हीटरचे ४ दिनार पुन्हा एकदा लावलेले होते, बारा दिवसांचे. काकांनीच ते पेनाने खोडले. हातात ६० दिनार उरले होते, त्यातले वीस टॅक्सीला ठेवले. बाकीचे मावशींना ईदचे म्हणून दिले, तेव्हा त्या चौथ्या मजल्यावर माझ्याच खोलीची फरशी पुसत होत्या. मी बूट काढून उंबऱ्याबाहेर उभी राहिले.