मॅमोग्राफीचा डोस विचारला की इथे सरळ आकडा दाखवतात (४ स्टार)

कोथरूडच्या या सेंटरला नुकतीच मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून आले. रिव्ह्यू लिहायचं मुख्य कारण डोस. मॅमोग्राफीनेच कॅन्सर होतो असले मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतात आणि बायका घाबरून टेस्ट पुढे ढकलत राहतात, मला त्याची खरंच काळजी वाटते, म्हणून किती रेडिएशन लागतं ते विचारायचंच असं ठरवून गेले होते. टेक्निशियन ताईंनी अजिबात टाळाटाळ केली नाही, स्क्रीनच फिरवली माझ्याकडे. प्रत्येक फोटोसोबत केव्ही (एक्स-रे किती जोराचे), एमएएस (किती प्रमाणात सोडले), दाबल्यावरची जाडी आणि एजीडी, म्हणजे ॲव्हरेज ग्लँड्युलर डोस, स्तनातल्या ग्रंथींना सरासरी मिळालेला डोस. जाडी साधारण ५३ मिमी, वरून घेतलेल्या फोटोला १.४ मिलीग्रे (हे डोसचं एकक) आणि तिरक्याला १.६, म्हणजे एका बाजूला ३. दोन्ही बाजू मिळून ६ असा हिशोब करायचा नाही हां, कारण डोस म्हणजे एक किलो टिश्यूमागे किती एनर्जी शोषली गेली ते, आणि दुसऱ्या बाजूचा टिश्यू वेगळा. अमेरिकेत ४.२ सेंमीच्या स्टँडर्ड फँटमला (चाचणीसाठीचा नकली स्तन) एका फोटोमागे ३ मिलीग्रेच्या वर गेलं तर ते मशीन नियमात बसत नाही, त्या मानाने हे ठीकच आहे. पूर्ण शरीराच्या हिशोबात (त्याचं एकक वेगळं, मिलीसिव्हर्ट) सगळी टेस्ट साधारण ०.४ मिलीसिव्हर्ट, तेवढं तर माती, हवा, अन्न यातून दोनेक महिन्यांत आपल्याला मिळतंच.

पण एक समजून घ्या, हा आकडा कुणी आत मीटर ठेवून मोजत नाही. मशीनमधून त्या केव्हीला, त्या फिल्टरला किती एक्स-रे बाहेर पडतात ते आधी मोजलेलं असतं, त्याला जाडीचे आणि ग्रंथी किती चरबी किती याचे फॅक्टर लावून अंदाज काढतात, आणि ते फॅक्टर एका ठरावीक मॉडेलवरून आलेले असतात, तुमच्या माझ्या शरीरावरून नाही. त्यामुळे १.४ का १.६ यात जीव अडकवू नका. मधली जाडी असून एका फोटोला ४-५ मिलीग्रे दिसलं तर मात्र नक्की विचारा.

दाबतात तेव्हा दुखतं, खोटं कशाला सांगू, पण काही सेकंदच असतं आणि ताई सांगून सांगून हळू दाबत होत्या. जाडी कमी झाली की एक्स-रे कमी लागतात आणि फोटोही स्वच्छ येतो, म्हणजे 'जरा सैल ठेवा ना' म्हटलं की डोस आपलाच वाढतो.

एक स्टार कापला कारण छापील रिपोर्टवर डोसचा उल्लेखच नाही, एवढा आकडा मशीन आयता देतं तर एक ओळ टाकायला काय हरकत आहे? शिवाय डिओ, पावडर लावून येऊ नका हे फोनवर सांगायला हवं होतं, त्याचे कण फोटोत, तपासणीत शोधतात त्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, मला तिथे जाऊन पुसावं लागलं. रिसेप्शनवर गर्दी आणि जरा तुसडेपणा, तेवढं सोसा.

थ्रीडी मॅमोग्राफी करणार असाल तर आधी विचारून घ्या की टूडी, म्हणजे नेहमीचा सपाट फोटो, वेगळा काढतात का थ्रीडीमधूनच बनवतात, दोन्ही वेगवेगळं काढलं तर डोस जवळपास दुप्पट होतो. सीडी मागून घ्या, पुढच्या वेळी तुलनेला लागते.