पीआयआर की मायक्रोवेव्ह? नागपूरचा उन्हाळा काढलेल्या जिन्यातल्या सेन्सरचा अनुभव

हालचाल दिसली की आपोआप दिवा लावणाऱ्या मोशन सेन्सरच्या खोक्यावर बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते. अंतर ६ मीटर, आणि त्यापुढे कंसात, तापमान २४ अंशांपेक्षा कमी. दुकानात ती कुणी वाचत नाही. पण विदर्भात राहणाऱ्यानं सेन्सर घेताना सगळ्यात आधी हीच ओळ वाचावी. आमच्या नागपुरात बंद जिन्यात २४ अंश म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, बस्स. बाकी वर्षभर खोक्यावरचे ६ मीटर कागदावरच राहतात.

आमची इमारत तीन मजल्यांची, खाली पार्किंग, आणि जिना पश्चिमेच्या भिंतीला लागून. जिन्यातल्या ट्यूब संध्याकाळी कुणीतरी लावायचं आणि सकाळी कुणीतरी बंद करायचं अशी रीत होती. पहिलं काम रोज व्हायचं, दुसरं कधी कधी. दिवसा उन्हात जळत असलेल्या ट्यूब बघून माझा जीव तुटायचा. मेन्टेनन्सचा हिशेब माझ्याकडे असल्यानं मीच मीटिंगमध्ये सेन्सरचा विषय काढला आणि दिवाळी झाल्यावर ते बसवून घेतले. हिवाळा, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा वापरून झाल्यावर आता लिहिते आहे. पहिल्या दोन महिन्यांत लिहिलं असतं तर निव्वळ कौतुकच लिहिलं असतं.

आधी हे काम कसं करतं ते सांगते, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी आणि त्यांचे उपाय त्यातूनच निघतात. बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तो पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड, सेन्सर. तो स्वतः काहीही बाहेर सोडत नाही. माणसाच्या अंगातून जी उष्णता इन्फ्रारेडच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींच्या रूपात बाहेर पडते (तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास), ती टिपतो. आत उष्णता टिपणारे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. दोन्हींवर सारखीच उष्णता पडली तर हिशेब शून्य. एकावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पडली, म्हणजे काहीतरी हललं, की दिवा लागतो. वरचं पांढरं, खाचाखाचांचं झाकण हे खरं तर भिंग आहे. ते समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे वेगवेगळे पट्टे पाडतं. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की सेन्सरला कळतं. म्हणून आडवं चालत जाणारा माणूस त्याला लगेच दिसतो आणि सरळ त्याच्या अंगावर चालून येणारा उशिरा दिसतो.

ही एक गोष्ट कळली की जागा कुठली निवडायची ते आपोआप कळतं. आमच्या वायरमनभाऊंना सेन्सर दरवाज्याच्या बरोबर समोर, पायऱ्यांच्या टोकाला लावायचा होता, कारण तिथं जुना होल्डर होता आणि वायर तयार होती. मी म्हटलं, भाऊ, दोन मीटर वायर जास्त लागू द्या, केसिंग पट्टीचे पैसे मी मंजूर करून घेते, पण सेन्सर मधल्या वळणाच्या लँडिंगवर छताला लावा. तिथं माणूस वळतो, त्यामुळे पट्टे आडवे कापले जातात, आणि वरच्या-खालच्या दोन्ही पायऱ्या एकाच सेन्सरच्या टप्प्यात येतात. हा फरक मोठा आहे. शेजारच्या इमारतीत सेन्सर समोरासमोर लावलेले आहेत, तिथं तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत अंधारातच चढावं लागतं.

जोडणी अवघड नाही, पण वायरमनकडूनच करून घ्या. सेन्सरला तीन वायर असतात: तपकिरी म्हणजे येणारा फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, आणि लाल म्हणजे दिव्याकडे जाणारा फेज. रंग कंपनीप्रमाणे बदलू शकतात, म्हणून खोक्यावरची आकृती बघूनच जोडायचं. जुन्या जिन्यांमध्ये गोची इथंच होते. खाली एक आणि वर एक असे टू-वे स्विच असले तर त्या डब्यांमध्ये बहुतेक वेळा न्यूट्रल नसतोच. सेन्सर दिव्याजवळ लावला तर तिथं न्यूट्रल मिळतो आणि स्विचचे डबे उघडावेही लागत नाहीत. काही सेन्सर दोन वायरींवर चालतात, पण त्यांच्यातून दिवा बंद असतानाही थोडा करंट जातो आणि एलईडी रात्रभर मिणमिणत राहते. तीन वायरींचाच घ्या.

आणखी एक गोष्ट मी हट्टानं करून घेतली, ती म्हणजे बायपास स्विच. सेन्सरला डावलून दिवा सरळ चालू करणारा साधा स्विच, मीटरच्या खोलीत. कुणाकडे लग्न असतं, सामान हलवायचं असतं, रात्री कुणाला स्ट्रेचरवरून खाली न्यायचं असतं. अशा वेळी दिवा सतत जळायला हवा. दीडशे-दोनशे रुपयांचं काम आहे, आणि त्याशिवाय सेन्सर बसवूच नये असं माझं मत आहे.

सेन्सरवर सहसा तीन फिरवायची बटणं असतात: टाइम (दिवा किती वेळ चालू राहावा), सेन्स (सेन्सर किती संवेदनशील असावा) आणि लक्स (किती अंधार झाल्यावर दिवा लागावा). चाचणी करताना टाइम सगळ्यात कमी ठेवायचा आणि लक्स सूर्याच्या चिन्हाकडे, म्हणजे दिवसाही दिवा लागून दाखवतो. चाचणी झाली की लक्स पूर्णपणे चंद्राच्या चिन्हाकडे फिरवा, आणि तिन्हीसांजेला, जिन्यात दिव्याची गरज वाटायला लागते त्या वेळी, कुणालातरी खाली-वर चालायला लावून बटण हळूहळू सूर्याकडे फिरवत जा. जिथं दिवा लागेल तिथंच थांबा. हे दुपारी दोन वाजता अंदाजानं करून जमत नाही. वायरमन काम संपवून दुपारीच जातो, म्हणून हे शेवटचं काम घरातल्यांनीच करायचं.

टाइमबद्दल आमच्याकडे बरीच बोलाचाली झाली. वीज वाचवायची म्हणून काहींना १०-१५ सेकंद हवे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे दुखतात, त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढतात. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "अगं, मी कठडा धरून श्वास घेत होते तर दिवाच गेला. हात हलवू की कठडा धरू?" त्या दिवशी सगळ्या मजल्यांवर टाइम दीड मिनिटाच्या आसपास केला, आणि तो आजही तसाच आहे. जिन्यातल्या दिव्याची वेळ इमारतीतल्या सगळ्यात सावकाश चढणाऱ्या माणसाच्या चालीवर ठरवायची. त्यात जी काही युनिटं जास्त जातील ती जाऊ द्यावीत.

आता उन्हाळा. मार्चपर्यंत सगळं छान होतं. एप्रिलच्या शेवटी तक्रारी सुरू झाल्या की दिवा उशिरा लागतो, आणि मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होईपर्यंत तर वरच्या दोन मजल्यांचे सेन्सर जवळजवळ आंधळे झाले. बाहेर पारा ४५ च्या वर गेला की पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि ती उष्णता रात्री नऊ-दहापर्यंत जिन्यात सोडत राहते. रात्रीही भिंत हाताला गरम लागते. माणसाच्या कातडीचं आणि कपड्यांचं तापमान ३२ ते ३५ अंशांच्या घरात, आणि मागची भिंतही जवळजवळ तेवढीच गरम. मग सेन्सरला फरक दिसणार कसा? समोर माणूस आहे, पण भिंतीतच मिसळून गेला आहे. सेन्सर जवळून, अगदी दीड-दोन मीटरवरून हात हलवला की दिवा लागायचा. पहाटे भिंत निवली की पुन्हा नीट चालायचा. दुकानदार म्हणाला पीस खराब आहे, बदलून देतो. पीस खराब नव्हता. खालच्या पार्किंगमध्ये तोच सेन्सर, त्याच बनावटीचा, त्याच रात्री बरोबर चालत होता, कारण तिथं दिवसभर सावली असते.

जूनच्या आधीच वरच्या दोन मजल्यांवर मायक्रोवेव्ह सेन्सर लावले. हे रडारच्या तत्त्वावर चालतात. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतात आणि हलणाऱ्या वस्तूवरून परत आलेल्या लहरींची वारंवारता बदलली की दिवा लावतात. उन्हाशी त्यांना देणंघेणं नाही. बसवल्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावरची तक्रार बंद झाली. दार उघडायच्या आतच दिवा लागलेला असतो.

आणि तिथूनच दुसरी कटकट सुरू होते. मायक्रोवेव्ह लहरी लाकडी दारातून, प्लायवुडमधून, काचेतून आरपार जातात. पीआयआरला साधी काचही ओलांडता येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कुणी हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या तरी जिन्यातला दिवा लागायचा. सेन्स बटण निम्म्याच्याही खाली आणलं तेव्हा ते थांबलं. पावसाळ्यात आणखी एक प्रकार लक्षात आला. सेन्सरच्या मागच्या भिंतीतून गच्चीवरच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप जातो. जोराची सर आली की पाइपातून धो-धो पाणी उतरतं, ते वाहतं पाणी सेन्सरला दिसतं आणि जिन्यात कुणी नसताना दिवा लागतो. सेन्सर तिथून काढून समोरच्या बाजूला हलवल्यावर प्रश्न मिटला. तुमच्याकडे मायक्रोवेव्ह लावणार असाल तर भिंतीत पाइप कुठे आहेत ते आधी विचारून घ्या. आणि दोन मायक्रोवेव्ह सेन्सर अगदी जवळजवळ लावू नका, एकमेकांच्या लहरींनी ते गोंधळतात.

पार्किंगमध्ये पीआयआरच ठेवला आहे. तिथं मायक्रोवेव्ह लावला असता तर रस्त्यावरच्या प्रत्येक स्कूटरला दिवा लागला असता. त्रास होता तो कुत्र्यांचा, दोन भटकी कुत्री रात्री गाड्यांखाली येऊन झोपतात. उपाय फुकटात झाला: भिंगाच्या सगळ्यात खालच्या ओळीवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. खालचे पट्टे बंद झाल्यानं कुत्री दिसत नाहीत, माणूस दिसतो. पालींवर मात्र इलाज नाही. पाल भिंगावरूनच चालली तर दिवा लागणारच.

एक सेन्सर मधे बिघडला. दिवा दिवसरात्र चालूच, टाइम फिरवा, लक्स फिरवा, काही फरक नाही. आतल्या रिलेचे, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचचे, पॉइंट चिकटले होते. एलईडी ट्यूब चालू होताना क्षणभर फार मोठा करंट ओढते, आणि एका सेन्सरवर तीन-चार ट्यूब जोडल्या तर स्वस्तातल्या रिलेला ते झेपत नाही. खोक्यावर १२०० वॅट लिहिलेलं असतं ते जुन्या पिवळ्या बल्बसाठी. एलईडीचा आकडा वेगळा दिलेला असतो आणि तो बराच कमी असतो. आम्ही आता एका सेन्सरवर दोनच ट्यूब ठेवतो.

पैशांचं गणित सगळे विचारतात. २० वॅटची ट्यूब संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जळली तर महिन्याला ७.२ युनिट होतात. आता ती रात्रभरात मिळून फार तर दोन तास जळते, म्हणजे १.२ युनिट. मायक्रोवेव्ह सेन्सर स्वतः जवळपास एक वॅट खातो, चोवीस तास, त्याचं साधारण पाऊण युनिट धरा. तरी दर ट्यूबमागे महिन्याला पाच युनिटांच्या वर वाचतात. जिन्यासाठी हे नक्कीच परवडतं. पण घरातल्या बाथरूमचा ९ वॅटचा बल्ब दिवसाला तासभरच लागत असेल तर त्याचं महिन्याचं बिल पाव युनिटाच्या आसपास, आणि सेन्सर त्याहून जास्त खाणार. तिथं वीज वाचवायला म्हणून सेन्सर लावू नका.

सोय म्हणून मात्र जरूर लावा. आमच्या घरात सासूबाईंच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये गुडघ्याच्या उंचीवर एक छोटा पीआयआर दिवा लावला आहे, मंद पिवळा. त्यांनी पलंगावरून पाय खाली टेकवले की तो लागतो. प्रकाश डोळ्यांवर न येता जमिनीवर पडतो, त्यामुळे त्यांची झोपही मोडत नाही. आधी त्या मला त्रास नको म्हणून दिवा न लावता भिंत चाचपत जायच्या, आणि मी रात्रभर कान टवकारून असायचे. या एका दिव्यासाठी मी कितीही युनिटं द्यायला तयार आहे. बाथरूमच्या आत पीआयआर लावला नाही, कारण माणूस दोन मिनिटं स्थिर बसला की तो दिवा घालवतो, आणि गीझरच्या वाफेनं विनाकारण लावतो. तिथं साधा स्विचच ठेवला आहे, फक्त तो दाराबाहेर, त्यांच्या हाताच्या उंचीवर घेतला.

दिवाळीआधी जिन्याला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्यांना सांगून ठेवलं आहे की सेन्सरच्या भिंगावर कागद चिकटवूनच ब्रश हातात घ्या. त्यावर रंगाचा पातळ थर बसला तरी पीआयआर कामातून जातो, आणि थिनरनं पुसलं तर भिंगच खराब होतं. गेटवरच्या दिव्याला मोशन सेन्सर लावायचा एक प्रस्ताव आला होता, त्याला मी नाही म्हटलं. गेट रात्रभर उजेडातच हवं. तिथं अंधार पडला की लागणारा आणि उजाडलं की विझणारा साधा डे-नाइट सेन्सर पुरेसा आहे, तोच बसवणार आहोत.