लायब्ररीत टीन सेक्शन वेगळा हवा की किशोरांची पुस्तकं मोठ्यांसोबतच?

अमेरिकेतली लायब्ररियन लोकांची याल्सा ही संघटना टीन म्हणजे १२ ते १८ वर्षं धरते, आणि खरी अडचण या वयाच्या पट्ट्यातच आहे. यंग अडल्ट म्हणजे किशोरवयीनांसाठी लिहिलेली पुस्तकं मोठ्यांच्या कादंबऱ्यांत मिसळून ठेवली तर सतरा वर्षांचा वाचक आपोआप पुढच्या पुस्तकांकडे सरकतो हे खरंय, पण तेरा वर्षांची मुलगी त्या रॅकमध्ये हरवते, विचारायलाही लाजते. वेगळा कोपरा असला की मुलं तिथे रेंगाळतात, मित्रांशी गप्पा मारता मारता एखादं पुस्तक उचलतात, आणि बालविभागात दिसायची लाजही वाटत नाही. मला वेगळा कोपराच पटतो, फक्त तिथे त्यांचं ऐकून घेणारा लायब्ररियन हवाच हवा, नुसत्या बीनबॅग टाकून मुलं वाचत नाहीत.