डाव्या पेडलचं टक् टक् : रिकम्बंट बाईक, नऊ महिन्यांनंतर

काल ८० रुपयांत घरातल्या व्यायामाच्या बाईकच्या पेडलचं प्रकरण मिटलं. त्याआधी गेलेले सात आठवडे, ५९० रुपये, अकरा फोन आणि घरात झालेली दोन भांडणं हिशोबात धरलेली नाहीत. खालचा पहिला भाग जुलैत रागाच्या भरात लिहिला होता. त्यातली काही मतं आता माझी राहिलेली नाहीत, पण खोडत बसत नाही. राग खराच होता.

गाडी म्हणजे घरात एका जागी उभी असलेली रिकम्बंट बाईक, पाठ टेकून आणि पाय समोर लांबवून चालवायची. आठ लेव्हलचं मॅग्नेटिक टेन्शन (म्हणजे पेडल जड-हलकं करायची सोय), टेकायला पाठ, मागेपुढे सरकणारी सीट, पेन्सिल सेलवर चालणारा डिस्प्ले. मला १७,९९० ला पडली. ब्रँड लिहीत नाही, कारण दुकानात ओळीने मांडलेल्या तिन्ही गाड्या स्टिकर सोडलं तर सख्ख्या बहिणी होत्या.

घेतली दिवाळीनंतर. माझं वय ५२, नोकरी बँकेत, उजव्या गुडघ्याची गादी झिजत चाललेली. डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा आणि सायकल चालवा. डोंबिवलीच्या रस्त्यावर सायकल चालवायची म्हणजे गुडघ्याआधी जीवच जायचा, म्हणून घरातली. आधी भाचीकडची उभी बाईक पंधरा दिवस आणून पाहिली. गुडघा बरा होता, पण त्या चिंचोळ्या सीटवर वीस मिनिटांत बसायची जागा आणि कंबर दोन्ही बोंबलायला लागल्या. रिकम्बंटवर पाठ टेकलेली, पाय समोर. शिवाय मधे दांडा नाही, त्यामुळे ७८ वर्षांचे सासरे, आमचे अप्पा, खुर्चीत बसावं तसे बसू शकतात. आम्हा दोघांसाठी एकच वस्तू, हा माझा मुख्य हिशोब होता.

जागा मात्र खाते. दीड मीटर लांब. हॉलमधला दिवाण गावी पाठवावा लागला. शेजारच्या काकांनी पहिल्याच दिवशी शेरा मारला, "ही कसली सायकल, आरामखुर्चीला पेडलं लावलीत." त्यांना उत्तर देता यावं म्हणून मी वाचत बसले, तर हा टोमणा चांगलाच जुना निघाला. फ्रान्सिस फॉर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या सायकलपटूने १९३३ साली पॅरिसमध्ये असल्याच निजून चालवायच्या सायकलवर तासाला ४५.०५५ किलोमीटर मारून १९१४ पासून टिकलेला विक्रम मोडला. त्यावर जागतिक सायकल संघटनेने १९३४ मध्ये ही सायकलच नाही असं ठरवून ती शर्यतींतून काढून टाकली. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबरच केलं त्यांनी."

सीटबद्दल थोडं. पाय पूर्ण लांब गेला तरी गुडघ्यात किंचित वाक राहिला पाहिजे, नाहीतर दुखणं विकत घ्यायचं. सीट अडकवायचं माझं भोक चौथं, अप्पांचं सातवं. रुळावर आकडे छापलेत, पण काळ्यावर करडे, चष्म्याशिवाय दिसत नाहीत. मी नेलपॉलिशने खुणा केल्या, माझी लाल आणि अप्पांची मोरपंखी. पाठीचं रेक्झीन मे महिन्यात असह्य होतं, उठताना चर्र आवाज करून पाठ सुटते. जुना पंचा पसरून टाकला. जाळीच्या पाठीचं मॉडेल तीन हजारांनी महाग होतं. तेव्हा नाक मुरडलं, आता घेतलं असतं.

डिस्प्लेवरच्या कॅलरीवर कोणी विश्वास ठेवू नका. त्याने मला कधी वजन विचारलं नाही आणि मी कितव्या लेव्हलवर आहे तेही त्याला कळत नाही, कारण टेन्शनची फिरवायची मूठ वायरने थेट आतल्या चुंबकांना ओढते. डिस्प्ले फक्त चक्र किती वेळा फिरलं ते मोजतो. एका रविवारी मी दहा मिनिटं लेव्हल दोनवर आणि दहा मिनिटं लेव्हल सातवर, काटा त्याच वेगावर धरून चालवली. दुसऱ्या वेळी मांड्या पेटल्या, घाम गळला, आकडा मात्र दोन्ही वेळा तोच. हँडलवरच्या पट्ट्या नाडी दाखवतात, तीही हात घामेजले की गायब होते, नाहीतर अप्पांची माझ्यापेक्षा कमी दाखवते. कॅलरीवर मी बिंदीचं पाकीट चिकटवलंय. मिनिटं तेवढी बघते.

आणि आता ते पेडल.

या गाडीचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे ती मुकी आहे. फ्लायव्हील, म्हणजे आतलं जड चाक, आणि चुंबक एकमेकांना शिवतही नाहीत, चुंबक जवळ आले की फिरणाऱ्या लोखंडाला नुसता अडसर होतो. आत साखळीऐवजी पट्टा. पहाटे साडेपाचला मी चालवते आणि शेजारच्या खोलीत कोणाची कूसही बदलत नाही. अशा घरात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूने टक् यायला लागलं. प्रत्येक फेरीला एक, पाय खाली गेला की. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर अर्ध्या तासात अठराशे टक्. मला स्वप्नात ऐकू यायचं. ऑफिसात कोणी पेनाचं बटण दाबलं तरी मान वळायची.

कंपनीकडे तक्रार टाकली. व्हिडिओ मागवला. पाठवला. आवाज ऐकू येत नाही म्हणाले. पंखा बंद करून पुन्हा पाठवला. पार्ट वॉरंटीत आहेत, पण भेटीचे ५९० रुपये, जीएसटीसह. वॉरंटीतल्या गाडीसाठी माणूस यायचे पैसे मी का द्यायचे, यावर तीन फोन झाले. शेवटी आवाज जिंकला आणि मी पैसे भरले. नवव्या दिवशी एक पोरगा आला, बॅग पाठीवर, फोन कानाला. डाव्या पेडलला पाना लावून घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायला लागला. अप्पा सोफ्यावरून म्हणाले, "अरे, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात रे." पोरगा म्हणाला, "आजोबा, मी रोज दहा गाड्या करतो." आणि पेडल त्याच्या हातात निघून आलं. मग त्याने ते घाईघाईत परत चढवलं, शेवटी पायाने पाना दाबून आवळलं, फोनवरच सही घेतली, गेला.

दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी पेडल डुगडुगायला लागलं, आणि टक् ची जागा कर्र्-टक् ने घेतली. उघडून पाहिलं तर क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या फिरत्या दांड्याच्या, भोकातले पहिले दोन आटे चिरडलेले, पितळी चकाकी असलेला चुरा बोटाला लागला. पेडल आडवं चढवलं होतं. कंपनी म्हणाली, चुकीच्या वापराने झालंय, वॉरंटीत बसत नाही. क्रँकचे २,४०० आणि भेटीचे पुन्हा ५९०. म्हणजे २,९९०. यांच्याच माणसाने मोडलं, दंड मला. माझं मत विचाराल तर एक स्टार, तोही अप्पांना चढता येतं म्हणून. ही गाडी घेऊ नका, या पैशांत फिजिओकडे जा.

(जुलैतलं लिखाण इथे संपतं. आता ऑगस्ट.)

तिसऱ्या भांडणाच्या तयारीत मी फोन घेऊन बसले होते. अप्पा गाडीपाशी खाली मांडी घालून बसले आणि एकदम म्हणाले, "अगं, पण ते मुळात सैल का झालं?"

अप्पा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. हातात १५ नंबरचा पाना आला की त्यांचं वय वीस वर्षांनी कमी होतं. त्यांनी नातवाची पेन्सिल मुठीत सैल धरली, दुसऱ्या हाताने तिचं टोक गोल गोल फिरवलं. पेन्सिल मुठीत आपोआप उलट्या बाजूला वळत सरकायला लागली. "पेडलचा दांडा असाच वळतो. म्हणून डावीकडे आटे उलटे कापतात, पुढे चालवलं की तो स्वतःच घट्ट होत जातो."

"मग सैल का झाला?"

अप्पा गप्प. पेन्सिलचं टोक आता दुसऱ्या दिशेने फिरवलं. पेन्सिल परत आली.

"अप्पा, तुम्ही उलटं मारता का?"

मारत होते. मे महिन्यात बागेतल्या कोणीतरी सांगितलं की उलटं पेडल मारलं की गुडघे सुटतात. तेव्हापासून रोज दुपारी, मी ऑफिसात असताना, अर्धा तास उलटं. मे आणि जून. हिशोब जुळला. उजवं पेडल आवळलं तर तेही अर्धा फेरा गेलं. म्हणजे पहिलं टक् ना कंपनीचं, ना गाडीचं. ते आमच्या घरचं होतं. आटे मोडले त्या पोराने, ते मात्र मी सोडणार नाही. पण इतके दिवस मी ज्या तोऱ्यात फोनवर बोलत होते, तो थोडा आठवला.

अप्पांना मी काही बोलले नाही. तेच म्हणाले, "बत्तीस वर्षं नोकरी केली, आणि घरातलं पेडल सैल केलं." मग उठून शर्ट घातला.

स्टेशनजवळच्या सायकलवाल्याकडून त्यांनी २०० रुपये अनामत ठेवून क्रँक काढायचा पुलर आणला. प्लास्टिकचं टोपण काढलं, नट सोडला, पुलर पिळला, क्रँक सुटला. तो भाजीच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली घालून दुकानात नेला. सायकलवाल्याने डाव्या आट्यांचा टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, आतल्या बाजूने, जिथले आटे शाबूत होते तिथून चालवत बाहेर आणला. ६० रुपये. ग्रीसची पुडी २० रुपये. घरी येऊन अप्पांनी पेडल आधी हाताने चढवलं, चार-पाच फेरे पाना न लावता. "हाताने गेलं तर सरळ आहे, अडलं तर आडवं आहे. जोर लावायचाच नाही." मग पाना.

काल रात्री मी चाळीस मिनिटं चालवली. एकही टक् नाही. लेव्हल पाचवर पट्ट्याचा हलका सूं सूं येतो, तो आधी कधी ऐकूच आला नव्हता.

म्हणून आता मत बदलतेय. गाडी घ्यायला हरकत नाही. नऊ महिन्यांत मी साधारण दोनशे दिवस चालवली, म्हणजे दिवसाला ९० रुपये, आणि दर महिन्याला ते कमी होत जाणार. वजन म्हणाल तर दोन किलो, त्यातलं एक गणपतीत परत येईल. पण डोंबिवली स्टेशनचा पूल आता मी मधे न थांबता चढते, आणि सकाळी पहिलं पाऊल टाकताना कॉटचा कठडा धरावा लागत नाही. डॉक्टरांनी दर आठवड्याला दीडशे मिनिटं सांगितली होती, ती इथे बातम्या बघता बघता होतात.

घेणार असाल तर गाडी आल्या दिवशी पेडलांवरचं एल आणि आर बघा, डावं स्वतः हाताने चढवा, पंधरा दिवसांनी एकदा आवळा. जोडणीला येणाऱ्या माणसावर सोडू नका. घरात कोणी ज्येष्ठ असतील तर दुपारी ते कुठल्या दिशेने चालवतात ते विचारा. सर्व्हिसला अजूनही एकच स्टार. आजच त्यांचा मेसेज आला, तुमची तक्रार निकाली निघाली आहे, अनुभव कसा वाटला.

पुलर अजून परत दिलेला नाही. अप्पांचं म्हणणं, अनामत ठेवलीच आहे तर उजवी बाजूही एकदा उघडून बघू.